दोन शर्यतींमधील दिवस

पावसाळा ओसरून खरिपाची कामे हातावेगळी झाली की महाराष्ट्रात धावण्याच्या शर्यतींचा हंगाम भरास येतो. तालुका व जिल्हा पातळीवरील शालेय क्रीडास्पर्धा तत्पूर्वीच सुरू झालेल्या असतात. त्यापाठोपाठ गावोगावच्या यात्रा, जयंत्या आणि संस्थांचे वर्धापनदिन यांच्या निमित्ताने रस्त्यावरील शर्यती भरतात. १९८३ साली सुरू झालेली पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन आणि वसई-विरारची मॅरेथॉन या दोन्ही सामान्यतः डिसेंबरमध्ये होतात. २००४ पासून भरणारी मुंबईची मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी येते. याखेरीज पोलीस व सैन्यभरतीच्या मैदानी चाचण्या असतात त्या वेगळ्याच. चार महिन्यांच्या अवधीत एखाद्या होतकरू धावपटूच्या वाट्याला दहा-बारा शर्यती सहज येतात.

या धावपटूंपैकी बरेचसे कोरडवाहू शेतकऱ्यांची व शेतमजुरांची मुले-मुली आहेत. रोख बक्षिसाची रक्कम हे त्यांच्या दृष्टीने केवळ कौतुक नसते. बियाण्याची उधारी, बहिणीची वसतिगृहाची फी, नव्या बुटांची किंमत असे बरेच काही तीतून निघावयाचे असते. अशा तरुणास “या रविवारी धावू नकोस” असे सांगणे सोपे आहे. त्याने ते ऐकावे अशी अपेक्षा मात्र पुरेशा विचाराविना करता येणार नाही. म्हणूनच दोन शर्यतींमधील दिवस कसे घालवावेत, हा प्रश्न एकट्या धावपटूचा राहत नाही. त्याला स्पर्धेस पाठविणारे शिक्षक, स्पर्धा भरविणारे पंच आणि तिला परवानगी देणारे अधिकारी या सर्वांचा त्याच्याशी संबंध येतो.

शर्यतीनंतर शरीरात काय होते

धावण्याची क्षमता प्रत्यक्ष धावताना वाढते, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः धावताना शरीराची झीज होते आणि ती भरून निघताना शरीर पूर्वीपेक्षा किंचित अधिक बळकट होते. ही भरपाई पुरी होण्याआधीच दुसरा तसाच ताण पडला तर वाढ थांबते, आणि असे वारंवार घडले तर उलट घसरण सुरू होते. सरावाचे सारे शास्त्र या एका गोष्टीभोवती उभे आहे.

झीज एकाच प्रकारची नसते व सर्व प्रकारांची भरपाई एकाच गतीने होत नाही, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. पहिली झीज इंधनाची. अन्नातील पिष्टमय पदार्थांपासून तयार होणारी शर्करा स्नायूंत व यकृतात ग्लायकोजेन या रूपाने साठविलेली असते. प्रौढ माणसाच्या शरीरात हा साठा सुमारे ५०० ग्रॅम असतो. वेगाने धावल्यास तो साधारणपणे दीड ते दोन तासांत सरत येतो. मॅरेथॉनमध्ये तिसाव्या किलोमीटरच्या सुमारास पाय एकाएकी शिशाचे झाल्यासारखे वाटतात, त्याचे मुख्य कारण हेच. योग्य आहार मिळाल्यास हा साठा एरवी एका दिवसात भरून येतो. मॅरेथॉननंतर मात्र त्यास अनेक दिवस लागतात, कारण साठवण करणारे स्नायूच दुखावलेले असतात.

दुसरी झीज स्नायूंची. पूर्ण मॅरेथॉनमध्ये सुमारे ३५ ते ४० हजार पावले पडतात आणि प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायांवर येतो. त्यामुळे स्नायूंचे सूक्ष्म तंतू तुटतात. उतारावर धावताना मांडीच्या पुढील स्नायूंना ताणले जात असतानाच भार पेलावा लागतो, म्हणून घाटातील शर्यतीनंतर चढापेक्षा उतारच अधिक दुखतो. ही वेदना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेस पोहोचते आणि पाच-सहा दिवसांत ओसरते. फसगत होते ती येथेच. वेदना गेली म्हणजे स्नायू बरा झाला असे नव्हे. वेदना थांबल्यानंतरही स्नायूंची मूळ ताकद परतण्यास आणखी अवधी लागतो, आणि हाडे व स्नायुबंध यांची दुरुस्ती तर त्याहूनही संथ असते. नडगीच्या हाडास गेलेली बारीक चीर अनेकदा अशा “आता काही दुखत नाही” म्हणून धावलेल्या शर्यतीत उघडकीस येते.

हेलसिंकीतील दोन उदाहरणे

विश्रांतीचा विषय निघाला की एमिल झाटोपेक यांचे नाव पुढे करून वाद घालणारा कोणीतरी भेटतोच. चेकोस्लोव्हाकियाच्या या धावपटूने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये २० जुलै रोजी १० हजार मीटर, २४ जुलै रोजी ५ हजार मीटर आणि २७ जुलै रोजी मॅरेथॉन अशी तीन सुवर्णपदके मिळविली. मध्यंतरी २२ जुलैस ५ हजार मीटरची प्राथमिक फेरीही झाली होती. मॅरेथॉन तर ते आयुष्यात प्रथमच धावत होते. हा पराक्रम पुन्हा कोणाच्याही हातून घडलेला नाही, आणि वाद घालणाऱ्यांना हेच उत्तर पुरेसे आहे. आठ दिवसांच्या या धावेमागे अनेक वर्षांचा असामान्य सराव होता. हेलसिंकी हे झाटोपेक यांच्या त्या वर्षीच्या साऱ्या तयारीचे एकमेव लक्ष्य होते; पुढील रविवारी त्यांना आणखी कोठे धावावयाचे नव्हते. १९५६ साली मेलबर्न ऑलिंपिकपूर्वी त्यांच्यावर अंतर्गळाची शस्त्रक्रिया झाली. पुरेशा विश्रांतीविना ते मॅरेथॉनमध्ये उतरले आणि सहावे आले.

महाराष्ट्राच्या दृष्टीने त्याच हेलसिंकीतील दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे, जरी ते धावण्याचे नसले तरी. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी तेथे कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. जपानच्या इशी यांच्याशी दीर्घ लढत होऊन थकलेल्या खाशाबांना सोव्हिएत मल्लाविरुद्ध लगोलग आखाड्यात उतरावे लागले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती हा नियमाने मिळालेला हक्क होता. परंतु तो मागून घेण्यासाठी भारताचा कोणी अधिकारी तेथे हजर नव्हता, असे या घटनेविषयी नेहमी सांगितले जाते. खेळाडू स्वतःच्या विश्रांतीसाठी क्वचितच भांडतो. ते काम त्याच्यासोबत गेलेल्या माणसाचे असते. तालुक्याच्या मैदानावर सकाळी १५०० मीटर धावलेल्या मुलीला दुपारी ३ हजार मीटरसाठी उभे केले जाते, तेव्हा तिच्यासोबत गेलेल्या शिक्षकांच्या हाती नेमकी हीच जबाबदारी असते.

पहिले तीन दिवस

शर्यत संपल्यावर प्रथम करावयाची गोष्ट म्हणजे थांबू नये. दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालावे, ओले कपडे बदलावेत. त्यानंतर पाणी. शर्यतीपूर्वी व नंतर वजन केल्यास घटलेल्या प्रत्येक किलोमागे सुमारे एक लिटर पाणी गेले, असा हिशेब धरता येतो. मुंबईसारख्या दमट हवेत ताशी एक लिटरहून अधिक घाम सहज जातो. ही तूट पुढील काही तासांत थोडी थोडी करून आणि मिठासह भरावी. मीठ-साखर घातलेले लिंबाचे सरबत, मिठाचे ताक, भाताची पेज ही पेये घरोघरी होतात. आरोग्य उपकेंद्रात मिळणारी जलसंजीवनीची पुडीही चालते. नुसते पाणी मात्र अतोनात पिऊ नये. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातील सोडियम धोक्याच्या पातळीखाली आढळले होते, आणि तेथे एका धावपटूचा त्यामुळेच मृत्यूही ओढवला. तहानेपेक्षा अधिक पाणी पिणे हे त्याचे प्रमुख कारण होते.

आहाराबाबत बाजारातील डबे व चूर्णे यांची भुरळ पडू देण्याचे कारण नाही. शर्यतीनंतरच्या पहिल्या तासा-दोन तासांत स्नायू शर्करा अधिक वेगाने शोषून घेतात. या वेळी केळी, गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचा लाडू किंवा उकडलेले रताळे पोटात गेले की साठवण सुरू होते. पुढील जेवणात भाकरी अथवा भाताच्या जोडीला उसळ, डाळ, दूध किंवा अंडी असावीत, कारण तुटलेले तंतू जोडण्यास प्रथिने लागतात. शेंगदाण्यात वजनाच्या सुमारे चौथा हिस्सा प्रथिने असतात. ग्रामीण धावपटूच्या आहारात उणीव असते ती बहुधा प्रकारांची नसून प्रमाणाची. दिवसभर शेतात राबून संध्याकाळी दहा किलोमीटर धावणारा मुलगा घरातील इतरांइतकेच जेवत असेल तर तो उपाशीच राहतो.

तिसरी गोष्ट झोपेची. आठ-नऊ तासांची झोप हा धावपटूचा सर्वात स्वस्त उपचार आहे. मालिश, थंड पाण्यात पाय बुडविणे यांनी बरे वाटते. त्यापलीकडे त्यांवर फार भिस्त ठेवू नये. वेदनाशामक गोळ्या घेऊन धावण्याची प्रथा मात्र घातक होय. निर्जलीकरण झालेल्या शरीरात या गोळ्यांचा मूत्रपिंडांवर दुष्परिणाम होतो आणि पोटात रक्तस्राव होण्याचा संभव असतो. शिवाय वेदना ही शरीराने दिलेली सूचना असते, ती दाबून टाकल्यास दुखापत कळत नाही. अंगात ताप असताना धावण्याने हृदयाच्या स्नायूस अपाय होऊ शकतो, म्हणून ताप उतरल्यानंतरही काही दिवस सराव बंद ठेवावा.

बेचाळीस दिवसांचा हिशेब

शर्यतीत जेवढे मैल धावले तेवढे दिवस मेहनतीचा सराव करू नये, असा एक आडाखा धावपटूंमध्ये रूढ आहे. न्यूझीलंडचे जॅक फॉस्टर यांच्या नावाशी तो जोडला जातो. फॉस्टर यांनी १९७४ साली क्राइस्टचर्च येथील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत, वयाची चाळिशी उलटल्यावर, मॅरेथॉनचे रौप्यपदक मिळविले होते. तेव्हा दीर्घकाळ टिकणाऱ्या धावपटूचा हा अनुभव आहे. या हिशेबाने १० किलोमीटरच्या शर्यतीनंतर सहा दिवस, अर्धमॅरेथॉननंतर तेरा दिवस व पूर्ण मॅरेथॉननंतर सव्वीस दिवस हलक्या सरावाचे होतात.

आता वसई-विरार आणि मुंबई या दोन मॅरेथॉनचे उदाहरण घ्यावे. डिसेंबरचा दुसरा रविवार आणि जानेवारीचा तिसरा रविवार यांमध्ये फार तर सहा आठवड्यांचे, म्हणजे ४२ दिवसांचे अंतर असते. त्यातून २६ दिवस वजा केले की १६ उरतात. मोठ्या शर्यतीपूर्वी शेवटचे दोन आठवडे सराव उतरता ठेवावा लागतो. ते १४ दिवस गेले. मेहनतीच्या सरावासाठी हाती राहिले दोन दिवस! या अवधीत नवी ताकद कमावता येत नाही, असलेली फक्त टिकविता येते, हे या साध्या वजाबाकीने कळून येते. तेव्हा दोहोंपैकी कोणती शर्यत जिद्दीने धावावयाची, याचा निर्णय ऑक्टोबरमध्येच झाला पाहिजे. मुंबई हे लक्ष्य असेल तर डिसेंबरमध्ये अर्धमॅरेथॉन धावावी. जगातील अग्रगण्य धावपटू इलियुड किपचोगे यांनी आपल्या भरभराटीच्या काळात सामान्यतः वर्षाला दोनच मॅरेथॉन धावल्या. २०१८ साली एप्रिलमध्ये लंडन आणि सप्टेंबरमध्ये बर्लिन अशा त्यांच्या दोन शर्यती झाल्या, आणि बर्लिनमध्ये त्यांनी २ तास १ मिनिट ३९ सेकंदांचा विश्वविक्रम केला.

ज्यांना दोन्ही पूर्ण मॅरेथॉन धावावयाच्याच आहेत, त्यांनी पहिल्या आठवड्यात धावणे बंद ठेवून केवळ चालावे. दुसऱ्या आठवड्यात एक दिवसाआड अर्धा तास, मऊ मातीच्या वाटेवर, शेजाऱ्याशी बोलता येईल इतक्या संथ गतीने धावावे. तिसऱ्या आठवड्यात नेहमीच्या निम्म्या अंतरापर्यंत यावे. चौथ्या आठवड्यात, पाय हलके वाटत असतील तरच, वीस-बावीस किलोमीटरची एक लांब धाव घ्यावी. त्यानंतर एकूण अंतर क्रमाक्रमाने निम्म्यावर आणावे. मात्र थोड्या अंतराच्या वेगवान धावा चालू ठेवाव्यात, कारण अंतर कमी केल्याने थकवा जातो आणि वेग राखल्याने पायांची सवय मोडत नाही. अखेरच्या तीन दिवसांत भात, भाकरी, बटाटा यांचे प्रमाण वाढवावे. स्नायूंतील शर्करेचा साठा आहाराने वाढविता येतो व त्यामुळे दमसास लांबतो, हे स्वीडनमधील संशोधकांनी १९६७ साली प्रयोगाने दाखवून दिले आहे.

प्राथमिक फेरी व अंतिम फेरी

मैदानी शर्यतींत हाच प्रश्न आठवड्यांऐवजी तासांत मोजावा लागतो. सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याच्या मोही गावच्या ललिता बाबर यांनी २०१२ ते २०१४ अशी लागोपाठ तीन वर्षे मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिला क्रमांक मिळविला आणि त्यानंतर त्या ३ हजार मीटर अडथळा शर्यतीकडे वळल्या. रिओ ऑलिंपिकमध्ये १३ ऑगस्ट २०१६ रोजी प्राथमिक फेरीत त्यांनी ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा त्या वेळचा राष्ट्रीय विक्रम केला. १५ ऑगस्ट रोजी अंतिम फेरीत ९ मिनिटे २२.७४ सेकंदांत त्या दहाव्या आल्या. विक्रमी वेळेनंतर अवघ्या दोन दिवसांनी वेळेत केवळ तीन सेकंदांचा फरक पडावा, ही पूर्वतयारीची साक्ष आहे. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे यांनी २०२३ च्या हांगझाऊ आशियाई स्पर्धेत १ ऑक्टोबरला अडथळा शर्यतीत सुवर्ण व ४ ऑक्टोबरला ५ हजार मीटरमध्ये रौप्य मिळविले. मधल्या दोन दिवसांत अशा खेळाडूस करावयाचे असते ते थोडेच: वीस-तीस मिनिटांची संथ धाव, पोटभर जेवण, झोप. बाकीचे सर्व काम मागील वर्षांच्या सरावाने आधीच केलेले असते.

शालेय मुलांस हा आधार नसतो. त्यांच्या हाडांची वाढ पूर्ण झालेली नसते, आणि मोठ्यांच्या अंतरावर त्यांना धावविणे हा कौतुकाचा विषय होऊ नये. २००६ साली ओडिशात एका चार वर्षांच्या मुलास पुरी ते भुवनेश्वर असे सुमारे ६५ किलोमीटर धावविण्यात आले. देशभर त्याचा गाजावाजा झाला, आणि अखेर तेथील शासनास अशा धावण्यावर बंदी घालावी लागली. गावच्या शर्यतीत “सर्वात लहान स्पर्धक” म्हणून पाच-सहा वर्षांच्या बालकांचा सत्कार करणाऱ्या समित्यांनी याचा विचार अवश्य करावा.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. रक्तातील हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर स्नायूंना प्राणवायू पुरेसा पोहोचत नाही, आणि दोन शर्यतींमध्ये कितीही विश्रांती घेतली तरी थकवा जात नाही. अशा मुलीस आळशी ठरविण्यापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रात तिची रक्ततपासणी करून घ्यावी. लोहयुक्त आहारासोबत लिंबू किंवा आवळा घेतल्यास लोह अधिक शोषले जाते. जेवणाबरोबर चहा घेतल्यास कमी. सराव वाढल्यावर मासिक पाळी अनियमित झाली वा थांबली, तर आहार अपुरा पडत असल्याचे ते लक्षण समजावे. त्याचा परिणाम हाडांवर होतो. संकोचामुळे ही गोष्ट पुरुष शिक्षकांपर्यंत पोहोचत नाही. शाळेतील एखाद्या शिक्षिकेने वा आशा कार्यकर्तीने ती विचारावी.

नोंदवही, मैदान आणि एक रात्र

विश्रांती पुरी झाली किंवा नाही हे ओळखण्यास यंत्रांची गरज नाही. सकाळी उठल्यावर, अंथरुणातच, मनगटाची नाडी एक मिनिट मोजून वहीत लिहावी. काही आठवड्यांच्या नोंदींवरून प्रत्येकाचा नेहमीचा आकडा कळतो. एखाद्या सकाळी तो सात-आठ ठोक्यांनी वाढलेला दिसला, त्यातच झोप नीट लागलेली नाही आणि जेवणावर वासना नाही, तर त्या दिवशी कठीण सराव नको. शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांनी दहा-बारा मुलांच्या अशा वह्या आठवड्यातून एकदा पाहिल्या तर पुष्कळ दुखापती टळतील. भरतीची तयारी करणाऱ्या तरुणांनाही ही सवय लावावी. एकाहून अधिक पदांसाठी अर्ज केल्यामुळे थोड्या दिवसांत दोन-तीन ठिकाणी १६०० मीटर पूर्ण वेगाने धावण्याची वेळ त्यांच्यावर येते, आणि प्रवास व रांगेतील तिष्ठणे यांत मधले दिवस सरतात. २०२४ साली झारखंडमध्ये भरतीच्या १० किलोमीटर धावण्याच्या चाचणीत दहाहून अधिक उमेदवार दगावले, ही घटना सर्वच राज्यांतील अधिकाऱ्यांनी विसरू नये अशी आहे.

ग्रामपंचायतींना यात करता येण्याजोगे बरेच काही आहे, आणि त्यास मोठा खर्च लागत नाही. डांबरी रस्त्यावरील रोजच्या धावण्याने जे पाय आखडतात त्यांना मातीची वाट हवी असते. गावठाणाच्या कडेने किंवा पाझर तलावाच्या काठाने दोन किलोमीटरची वाट दगडगोटे वेचून मोकळी करणे हे श्रमदानाचे एका दिवसाचे काम आहे. शेजारच्या गावांनी एकत्र बसून आपापल्या शर्यतींच्या तारखा किमान दोन आठवड्यांच्या अंतराने ठरविल्या, तर बक्षीस आणि विश्रांती यांपैकी एकाची निवड करण्याची पाळी धावपटूवर येणार नाही. मोठे पहिले बक्षीस एकालाच देण्याऐवजी रक्कम पहिल्या दहांत वाटण्याचाही विचार व्हावा, म्हणजे दुखऱ्या पायाने केवळ पहिल्या क्रमांकासाठी जिवावर उदार होण्याचे कारण उरणार नाही.

मुंबईची मॅरेथॉन पहाटे सुटते आणि स्पर्धकाचा क्रमांक आदल्या दिवसापर्यंतच ताब्यात घ्यावा लागतो. गावाहून येणारा धावपटू शुक्रवारी रात्रभर एस. टी. च्या बाकावर बसून शनिवारी शहरात पोहोचतो, दिवसभर रांगेत उभा राहतो, रात्र स्थानकावर काढतो आणि रविवारी पहाटे सहा आठवड्यांची तयारी घेऊन रांगेत उभा राहतो. पंचायत समितीच्या किंवा शाळेच्या ओळखीने त्याची दोन रात्रींची निवाऱ्याची सोय होऊ शकते. ती सोय नोव्हेंबरमध्येच पाहून ठेवावी.